डोंगरावरचा समाज

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरच्या अलीकडे लोधीखेडा हे गाव लागते. गावाच्या दक्षिणेला नागपूरचा सपाट मुलूख पसरला आहे, तर उत्तरेला सातपुडा पायरीपायरीने चढत गेला आहे. राज्यकारभाराच्या सोयीने हा भाग १९५६ नंतर मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो; पण येथील घरांतली बोली आणि देवळांतले भजन मराठीच राहिले आहे. या टापूत आणि खाली विदर्भात दंडार, खडी गंमत, कीर्तन हे सारे शतकानुशतके उघड्यावर झाले. भुईवर बसलेले श्रोते, मध्ये मोकळी ठेवलेली जागा आणि वर आकाश, एवढ्यावर रंगभूमी उभी राही. भिंत नाही, छप्पर नाही, तिकीट तर नाहीच.

अशा उघड्यावरच्या मेळ्याला प्राचीन काळी एक नाव होते. ते आपण रोज उच्चारतो, पण त्याचा मूळ अर्थ विसरून गेलो आहो. तो शब्द म्हणजे ‘समाज’. संस्कृत वैयाकरणांनी आणि कोशकारांनी मोठ्या गमतीचा भेद सांगितला आहे: जनावरांच्या कळपाला ‘समज’ म्हणावे आणि माणसांच्या मेळाव्याला ‘समाज’. माणूस आणि पशू यांत अंतर काय, तर एका दीर्घ स्वराचे! पण हा समाज म्हणजे आजच्या अर्थाची समाजव्यवस्था नव्हे. गाणे, नाच, वाद्ये, कथा, मल्लांच्या झुंजी पाहण्या-ऐकण्यासाठी एके ठिकाणी जमलेले लोक, आणि त्यांचा तो उत्सव, असा त्याचा अर्थ होता. पाली भाषेत त्याचे रूप ‘समज्ज’ असे होते. गृहस्थाने कोणते दोष टाळावेत हे सांगणाऱ्या सिगालोवाद सुत्तात समाजाची चटक लागलेल्या माणसाचे वर्णन आहे. नाच कोठे आहे, गाणे कोठे आहे, वाद्ये कोठे वाजत आहेत, आख्यान कोठे चालले आहे, टाळ कोठे, ढोल कोठे, याच शोधात तो सदा असतो. उपदेशाच्या ओघात त्या काळच्या कार्यक्रमाची संपूर्ण यादीच हाती लागते. निषेध करणारे लोक पुष्कळदा इतिहासावर असे उपकार करून ठेवतात.

या समाजांत सर्वांत गाजलेला समाज मगधाच्या राजधानीत, राजगृहात भरत असे. त्याचे नावच ‘गिरग्गसमज्ज’, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा समाज. राजगृहाचे जुने नाव गिरिव्रज. पाच डोंगरांनी चहूकडून कडे केलेले हे नगर म्हणजे निसर्गाने घडविलेले विशाल प्रेक्षागृहच होते. मधल्या सपाटीत वा उतारावर वाद्य वाजले की त्याचा नाद भोवतीच्या कड्यांवर आदळून परत यावा, अशी ती रचना.

या उत्सवाला गेलेल्या दोन तरुणांची हकीकत बौद्ध वाङ्मयात आली आहे. उपतिष्य आणि कोलित हे शेजारशेजारच्या गावांतले, सुखवस्तू ब्राह्मण घरांतले, बाळपणापासूनचे मित्र. दरवर्षीप्रमाणे ते उत्सवाला आले. त्यांच्यासाठी उंच आसने मांडण्यात आली होती. हसण्याजोगे काही आले की ते हसत, करुण प्रसंग आला की व्याकुळ होत आणि प्रयोग आवडला की बक्षिसे देत. उत्तम श्रोत्याची सारी लक्षणे त्यांच्या अंगी होती. पण एके दिवशी, समोर खेळ रंगात आला असता, दोघांपैकी एकालाही हसू आले नाही. हात बक्षिसाकडे गेला नाही. आज तुझे लक्ष का लागत नाही, असे एकाने विचारले, तेव्हा दुसऱ्याच्याही मनात तेच चालले आहे असे निघाले. समोर नाचणारे आणि भोवती बसून पाहणारे, यांतला एकही जण शंभर वर्षांनी असणार नाही; मग यात पाहायचे ते काय? दोघेही तेथून उठले आणि त्यांनी प्रथम संजय नावाच्या परिव्राजकाचे शिष्यत्व पत्करले. पुढे अश्वजित या भिक्षूच्या तोंडून बुद्धाचा उपदेश ऐकून ते संघात आले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान या नावांनी ओळखले जाणारे बुद्धाचे दोन पट्टशिष्य ते हेच. त्यांचे अस्थिशेष १८५१ मध्ये सांचीच्या तिसऱ्या स्तूपात सापडले.

ही कथा बहुधा वैराग्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात आणखी काही आहे. इतका गहन विचार सुचायला त्या दोघांना स्मशान लागले नाही. भर मैफलीत, हजारो माणसांच्या हशाच्या मध्यभागी तो सुचला. बंद दालनात आपल्यासारखेच चार श्रोते दिसतात. डोंगरावर मात्र सारे नगर एकदम नजरेत येते, आणि त्यामागे न हलणारा डोंगरही दिसतो. माणसाचे आयुष्य किती, हे मोजण्याचे माप तेथे डोळ्यांसमोर उभे असते.

संघात मात्र सगळेच सारिपुत्त नव्हते. विनयपिटकात सहा खोडकर भिक्षूंची टोळी वारंवार भेटते. ही मंडळी एकदा याच गिरग्गसमज्जाला जाऊन बसली. लोक कुरकुरले: आम्हां संसारी माणसांप्रमाणे हे मुंडन केलेले लोक नाचगाणे पाहतात हे कसे? तक्रार बुद्धाच्या कानी गेली आणि भिक्षूंनी नाच, गाणे, वादन पाहण्यास जाऊ नये असा नियम झाला. लगोलग दुसरा प्रश्न उभा राहिला, कारण हेच भिक्षू धर्मवचनेही लांब ताना घेऊन गाऊ लागले होते. तशा गाण्यात मन स्वरालाच चिकटते, म्हणून त्यावरही बंदी आली. साध्या स्वरात पठण करण्यास मात्र परवानगी मिळाली. गाण्याची ओढ किती असते, हे नियम करणाऱ्याने पुरते ओळखले होते.

पुढे अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखातच समाज भरवू नयेत अशी आज्ञा कोरविली. राजाला समाजात फार दोष दिसतात, असे त्यात म्हटले आहे; पण लगेच पुढे, काही समाज चांगलेही आहेत, अशी पुस्ती जोडली आहे. एवढ्या मोठ्या सम्राटाला ही पुस्ती जोडावी लागली, यातच लोकांचा जय आहे. नंतरच्या राजांनी तर आज्ञेची पर्वा केलेली दिसत नाही. कलिंगाचा राजा खारवेल याने हाथीगुंफेच्या लेखात, राज्याच्या तिसऱ्या वर्षी नृत्य, गीत, वाद्य आणि उत्सव-समाज करवून राजधानीचे मनोरंजन केल्याची अभिमानाने नोंद केली. महाराष्ट्रातही हेच. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची जी प्रशस्ती कोरविली, तीत तो उत्सव आणि समाज करविणारा होता, असे स्पष्ट म्हटले आहे. गंमत अशी की हे लेणे तिने भिक्षूंना राहण्यासाठी दान दिले होते. ज्यांना समाजाला जाण्याची मनाई, त्यांच्याच दारावर समाज भरविणाऱ्या राजाची स्तुती!

लेखांत समाज सापडतो तो असा. पण तो भरत असे ती जागा कोठे आहे? निश्चित उत्तर देता येईल असे एक स्थळ छत्तीसगडात, सरगुजा जिल्ह्यातील रामगढ डोंगरावर असल्याचे अनेक विद्वान मानतात. हत्ती जाऊ शकेल अशा ‘हाथीपोळ’ नावाच्या नैसर्गिक भुयारातून वर गेले की सीताबेंगा आणि जोगीमारा या दोन गुहा दिसतात. १९०३-०४ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या थिओडोर ब्लॉख यांनी त्यांची पाहणी केली. सीताबेंगाच्या समोर खडकात कोरलेली अर्धवर्तुळाकार आसने, आत भिंतीलगत दगडी बैठका आणि तोंडाशी जमिनीत दोन भोके, असा थाट त्यांना आढळला. भोके पडद्याचे खांब रोवण्यासाठी असावीत, असा त्यांनी तर्क केला आणि हे नाट्यगृह होय असे जाहीर केले. अर्धवर्तुळ पाहून त्यांना ग्रीक रंगभूमीही आठवली. हा शेवटचा तर्क पुष्कळांना पटला नाही आणि तो पटण्याजोगाही नाही. उतारावर बसून खालचे ऐकायचे तर माणसे आपोआप अर्धवर्तुळात बसतात. त्यासाठी ग्रीसहून कोणी शिकवायला येण्याचे कारण नाही.

गुहेत ब्राह्मी लिपीतील दोन ओळींचा लेख आहे. तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातील मानतात. त्याच्या वाचनाबद्दल मतभेद आहेत. तथापि ब्लॉख यांनी लावलेला अर्थ मोठा मनोहर आहे. कवी स्वभावतःच थोर असून ते हृदय उजळतात, असे आधी म्हटले आहे. आणि पुढे वसंतातील पौर्णिमेच्या झोपाळ्याच्या उत्सवाचा, हास्याचा, संगीताचा आणि गळ्यात कुंदफुलांच्या माळा घालणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. शेजारच्या जोगीमारा गुहेत सुतनुका नावाच्या देवदासीचे आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या, वाराणसीच्या देवदिन्न नावाच्या रूपदक्षाचे नाव कोरलेले आहे. राजाने येथे काही लिहविले नाही. कवी, गाणारी मंडळी आणि एक प्रेमिक, एवढ्यांचीच ही सही. त्याच सुमारास हाइन्रिश लूडर्स यांनी प्राचीन गुहा या केवळ तपस्व्यांच्या नव्हत्या, करमणुकीच्याही होत्या, हे साहित्यातील पुराव्यांनी दाखविले. मथुरेच्या एका लेखातील ‘लेणशोभिका’ या गणिकेच्या बिरुदाचा अर्थ त्यांनी लेण्यातली नटी असा केला.

गुहेच्या तोंडाशी उभे राहून गाणाऱ्याला पाठीमागच्या खडकाचा आधार मिळतो. मागे गेलेला स्वर तत्काळ परतून पुढच्या श्रोत्यांकडे जातो आणि एकट्या गळ्याला भर येतो. गुहा फार खोल असेल तर मात्र प्रतिध्वनी उशिरा येऊन शब्द एकमेकांवर चढतात. उथळ, ठेंगणी गुहा यासाठी उत्तम. हा अनुभव पुढे शास्त्रात उतरला. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यमंडप पर्वतातील गुहेच्या आकाराचा असावा, त्याला खिडक्या लहान असाव्यात, वारा फार खेळू नये, म्हणजे गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा स्वर गंभीर होईल, असे सांगितले आहे. माणसे डोंगर सोडून नगरात आली, पण ध्वनीसाठी गुहा बरोबर घेऊन आली.

रामगढावर ही रंगशाळा सापडल्याने आणखी एक वाद पेटला. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता, तो हाच डोंगर, असे काही पंडित म्हणू लागले. नाट्यगृहाचा मोह मोठा. महाकवीच्या पायाखाली ते असावे असे कोणाला वाटणार नाही? नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मात्र नागपूरजवळचे रामटेक हेच रामगिरी, हे मत हिरिरीने मांडले आणि १९५९ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचा भर दोन गोष्टींवर होता. मेघाला उत्तरेकडे जायला सांगितले आहे आणि वाटेत आम्रकूट, म्हणजे अमरकंटक, लागतो. रामटेकहून अमरकंटक ईशान्येला आहे; रामगढाहून मात्र तो पश्चिमेला पडतो, म्हणजे मेघाला आरंभीच वाट सोडावी लागेल. दुसरा पुरावा ताम्रपटाचा. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर येथील ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायांपासून दिलेला आहे, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आजचे नगरधन, रामटेकच्या पायथ्याशीच होते. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट खुद्द पांढुर्ण्याला मिळाला आहे. लोधीखेड्याचा परिसर वाकाटकांच्या छायेत होता, तो असा. येथून रामटेक सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे.

रामटेकला कोरीव आसने नाहीत. पण डोंगराला रंगशाळा करण्याची कल्पना मेघदूताइतकी कोणीच नेली नाही. हिमालयात पोहोचलेल्या मेघाला यक्ष सांगतो की तेथे वाऱ्याने भरलेले वेळू मधुर वाजत असतात, किन्नरींनी त्रिपुरविजयाचे गीत धरलेले असते. आता तुझी गर्जना दऱ्यांतून मृदंगासारखी घुमली की शिवाचे संगीत पुरे होईल. बासरी आहे, गायन आहे, फक्त मृदंग हवा आणि तो घुमवायला गुहा हवी. हे लिहिणाऱ्याने पावसाळ्यात डोंगराच्या कपारीत उभे राहून मेघगर्जना ऐकली असली पाहिजे. कुमारसंभवात तर गुहेच्या तोंडाशी लोंबणारे ढगच पडद्याचे काम करतात. सीताबेंगाच्या दारातील त्या दोन भोकांची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. आणि रामगढवाद्यांचा मोह अगदीच निराधार नव्हता, हेही कबूल करावे लागते.

वाद विद्वानांपुरता राहिला. लोकांनी दोन्ही डोंगर आपलेसे केले आहेत. रामटेकला कालिदासाचे स्मारक झाले, १९९७ मध्ये त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालय निघाले. तिकडे रामगढावरही आषाढाच्या पहिल्या दिवशी उत्सव भरत आला आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की मेघ आधी नागपूरच्या मैदानावर येतात, रामटेकचा माथा झाकतात, आणि लोधीखेड्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पहिल्या पायरीवर आदळून तेथल्या दऱ्यांत घुमू लागतात.