जुन्या आवृत्तीचे अवशेष आणि नव्या सॉफ्टवेअरमधील बिघाड

संगणकावरील एखादे सॉफ्टवेअर अद्ययावत केले की जुनी आवृत्ती गेली आणि तिच्या जागी नवी आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात इतकी स्वच्छ अदलाबदल क्वचितच होते. नवी आवृत्ती बसवणारा प्रोग्राम आपल्या फायली ठरलेल्या जागी ठेवतो आणि जुन्यांपैकी ज्यांची नोंद त्याच्याकडे आहे, तेवढ्याच काढतो. बाकीच्या तशाच राहतात. बहुतेक वेळा त्या निरुपद्रवी असतात. थोडी जागा अडवतात, एवढेच. परंतु नव्या आवृत्तीने त्यातील एखादी फाइल आपलीच समजून उघडली, तर सॉफ्टवेअर सुरू न होणे, मध्येच बंद पडणे, मेनू नाहीसे होणे, अद्ययावत करूनही जुनेच रूप दिसणे असे प्रकार घडू लागतात. सॉफ्टवेअर पूर्ण काढून पुन्हा बसवले तरी दोष जसाच्या तसा राहिला, तर संशय प्रथम या अवशेषांवर घ्यावा.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर आहे त्याच संगणकावर विंडोज ११ चढवणाऱ्यांच्या बाबतीत जुने प्रोग्राम, त्यांच्या मांडण्या आणि छपाईयंत्रांचे ड्रायव्हर हे सारे नव्या प्रणालीत सोबत येते. दुकानाचा हिशेब किंवा कार्यालयाचा पत्रव्यवहार ज्या संगणकावर वर्षानुवर्षे चालला आहे, तिथे हे सामान बरेच असते.

अवशेषाने किती अनर्थ होऊ शकतो, याचे सर्वांत महागडे उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील आहे. नाइट कॅपिटल ही तेथील मोठी दलाली संस्था. १ ऑगस्ट २०१२ पासून बाजारात सुरू होणाऱ्या एका नव्या योजनेसाठी तिने शेअर खरेदी-विक्रीच्या मागण्या पुढे पाठवणारे आपले सॉफ्टवेअर बदलले. ते आठ सर्व्हरवर चालत असे. नवी आवृत्ती सात सर्व्हरवर पोहोचली; आठव्यावर ती चढवायची राहून गेली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचे जुने काम करणारी आज्ञावली तशीच पडून होती. तिचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण ती कोणी काढली नव्हती. नव्या आवृत्तीत जी खूण नवे काम सुरू करण्यासाठी वापरली होती, तीच खूण पूर्वी पॉवर पेग सुरू करण्यासाठी होती. बाजार उघडला, खूण मिळाली आणि नऊ वर्षे निजलेली आज्ञावली जागी झाली. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरचे ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन झाली.

या प्रकरणाचा तपास अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने केला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. आयोगाच्या आदेशातील दोन तपशील घरच्या संगणकापुढे बसलेल्यालाही उपयोगी आहेत. पहिला असा, की त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वीच संस्थेतील प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचे नाव होते. ते कोणी गांभीर्याने घेतले नाहीत. दुसरा तपशील अधिक बोलका आहे. गोंधळ थांबवण्यासाठी कर्मचाऱ्यांनी नवी आवृत्तीच काढून टाकली, तीही ज्या सात सर्व्हरवर ती बरोबर चढली होती तिथून. त्यामुळे त्या सातांवरचीही जुनी आज्ञावली जागी झाली आणि तोटा वाढला. चूक नव्यात आहे असे गृहीत धरल्याचा तो परिणाम होता. आधी कोणती प्रत चालते आहे ते पाहायचे आणि मगच हात लावायचा, हा क्रम घरगुती दुरुस्तीतही मोडता कामा नये.

कोणती प्रत चालते आहे?

विंडोजमध्ये हे पाहणे अवघड नाही. सॉफ्टवेअर चालू असताना टास्क मॅनेजर उघडावा, त्यातील नावावर उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. ज्या फोल्डरमधून ते खरोखर चालू झाले आहे, तो फोल्डर समोर येतो. त्यातील मुख्य फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ या भागात आवृत्तीचा क्रमांक असतो. अनेकदा शोध इथेच संपतो. नवी आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये बसलेली असते, पण पडद्याच्या तळपट्टीवर वर्षांपूर्वी चिकटवलेले चिन्ह जुन्याच फोल्डरकडे बोट दाखवीत असते. चिन्ह काढून नवे लावले की काम झाले.

आवृत्ती नवीच असेल तर मात्र दुसरीकडे पाहावे लागते. प्रत्येक वापरकर्त्याच्या मांडण्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसतात. विंडोजमध्ये त्या ‘ॲपडेटा’ नावाच्या, एरवी लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. सॉफ्टवेअर काढताना हा भाग बहुधा मुद्दामच शिल्लक ठेवला जातो, कारण तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवणाऱ्याला आपली मांडणी परत हवी असते. सोय म्हणून ठेवलेली हीच गोष्ट दुरुस्तीच्या आड येते. काढा-बसवा कितीही वेळा केले तरी बिघडलेली मांडणी जागची हलत नाही.

लिबरऑफिस हे याचे चांगले उदाहरण आहे. या मोफत संचाच्या आवृत्त्या चारवरून पाच, सहा, सात अशा पुढे गेल्या आणि आता तर क्रमांक वर्षावरून देतात. तरीही वापरकर्त्याच्या मांडणीचा फोल्डर आजही ‘४’ याच नावाचा आहे. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीची मांडणी, तेव्हा जोडलेल्या पूरक आज्ञावल्यांसह, आजच्या आवृत्तीपर्यंत चालत आलेली असू शकते. हा फोल्डर पुसून टाकावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घाईचा आहे. शब्दकोशात स्वतः घातलेले शब्द आणि आपोआप दुरुस्तीची यादी याच फोल्डरमध्ये असते. मराठीत नियमित लिहिणाऱ्याने वर्षानुवर्षे जमवलेले शेकडो शब्द एका कळीने जातील.

त्याऐवजी फोल्डरचे नाव बदलावे. लिबरऑफिस पूर्ण बंद करावे, विंडोजची खूण असलेली कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ॲपडेटा हा शब्द रोमन लिपीत दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये टंकावा, समोर आलेल्या फोल्डरमधून लिबरऑफिसच्या फोल्डरात जावे आणि तेथील ‘४’ला ‘४-जुने’ असे काही नाव द्यावे. सॉफ्टवेअर पुन्हा उघडले की ते स्वतः कोरा फोल्डर तयार करते. दोष गेला, तर कारण सापडले. मग जुन्या फोल्डरमधून ‘वर्डबुक’ आणि ‘ऑटोकर’ हे दोन उपफोल्डर तेवढे नव्यात आणावेत. दोष गेला नाही, तर मूळ नाव परत द्यावे. काहीच हरवलेले नसते. आवृत्ती ५.३ पासून ‘हेल्प’ मेनूत सेफ मोडची सोयही आहे. तिच्यात वापरकर्त्याची मांडणी तात्पुरती बाजूला ठेवून सॉफ्टवेअर उघडते. फोल्डरला हात लावण्याआधी ती वापरून पाहणे उत्तम.

थंडरबर्ड या ई-मेल सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर पुसण्याचा विचारही करू नये. त्याच्या मांडणीच्या फोल्डरमध्येच संगणकावर उतरवलेली सारी पत्रे असतात. पीओपी पद्धतीने पत्रे घेणाऱ्यांच्या बाबतीत सर्व्हरवर दुसरी प्रत उरलेली नसण्याचा संभव मोठा असतो. फायरफॉक्सच्या मांडणीत जतन केलेले पासवर्ड आणि वाचनखुणा असतात. या ब्राउझरने २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून एक चांगला पहारा बसवला आहे. नव्या आवृत्तीने वापरलेली मांडणी जुन्या आवृत्तीत उघडू गेल्यास तो आधी सूचना देतो आणि वेगळी मांडणी तयार करायला सांगतो. नव्या आवृत्तीत त्रास होतो म्हणून जुनी परत बसवणाऱ्यांचे नुकसान नेमके असेच होत असे.

बंद करणे आणि रीस्टार्ट करणे

काही अवशेष केवळ वाट पाहत असतात. वापरात असलेली फाइल विंडोज तत्काळ बदलू शकत नाही. तो बदल पुढच्या वेळी संगणक सुरू होईपर्यंत लांबवला जातो. तोवर नव्या आणि जुन्या फायलींची सरमिसळ चालू राहते. येथे एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा खरा बंद होत नाही, तो गोठवून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करूनही जे सुधारत नाही, ते एका रीस्टार्टने सुधारू शकते.

जे अवशेष वाटतात, पण नसतात

साफसफाईच्या उत्साहात कामाच्या वस्तूही फेकल्या जातात. विंडोजमधील प्रोग्रामच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ हे नाव २००८, २०१०, २०१२, २०१३ अशा निरनिराळ्या वर्षांसह दिसते. या एकाच वस्तूच्या जुन्या-नव्या प्रती नव्हेत. निरनिराळ्या प्रोग्रामना निरनिराळ्या वर्षांची संचिका लागते. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात अशा सामाईक फायली एकाच फोल्डरात असत आणि एखादा प्रोग्राम बसवताना नव्या फाइलवर जुनी चढून दुसराच प्रोग्राम बंद पडे. हा त्रास इतका झाला, की त्याला ‘डीएलएल हेल’ असे नावच पडले. विंडोज एक्सपीपासून निरनिराळ्या प्रती शेजारी-शेजारी ठेवण्याची पद्धत आली. यादीतील ही गर्दी म्हणजे त्या आजारावरचे औषध आहे. मोठ्या अद्यतनानंतर सी ड्राइव्हमध्ये दिसणारा ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डरही बिघाडाचे कारण नसतो. मागे परतण्यासाठी तो ठेवलेला असतो आणि साधारण दहा दिवसांनी आपोआप जातो.

जावाची कथा याच्या उलट. तिथे खरेच अवशेष होते आणि ते धोक्याचे होते. जावाचे अद्यतन घेतले की संगणक सुरक्षित झाला, असे वापरकर्त्याला सांगितले जाई. प्रत्यक्षात ते अद्यतन बराच काळ अगदी अलीकडची एकच जुनी आवृत्ती काढी आणि त्याआधीच्या तशाच सोडी. त्यांतील उघड झालेल्या त्रुटींचा उपयोग घुसखोर करू शकत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावरून ओरॅकल कंपनीवर ग्राहकांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला आणि डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड होऊन, जुन्या आवृत्त्यांची माहिती देऊन त्या काढण्याची सोय पुरवण्याचे बंधन कंपनीवर आले. ई-निविदांवर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी आपल्याकडील अनेक कार्यालयांत जावा बसवलेले असते. अशा संगणकांवर यादीत जावा किती वेळा दिसते, हे एकदा पाहावे. मात्र स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीवर चालते याची खात्री झाल्याखेरीज काही काढू नये.

नोंदवही, म्हणजे विंडोजची रजिस्ट्री, स्वच्छ करून देणाऱ्या मोफत प्रोग्रामांपासून दूर राहावे. असे प्रोग्राम वापरण्यास मायक्रोसॉफ्टचे समर्थन नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टने दिलेले, इन्स्टॉलरच्या नोंदी साफ करणारे एक साधनसुद्धा इतर सॉफ्टवेअरना बाधा आणते म्हणून २०१० मध्ये मागे घेण्यात आले होते.

मोबाइलवर चित्र थोडे वेगळे आहे. अँड्रॉइडमध्ये ॲपच्या माहितीपानावर ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर स्टोरेज’ असे दोन पर्याय असतात. पहिल्याने तात्पुरत्या फायली जातात आणि काहीच बिघडत नाही. दुसऱ्याने ॲपमधील मजकूर, खाते, मांडणी सारे जाते. आधी बॅकअप घेतल्याशिवाय तो वापरू नये. ॲप काढून पुन्हा बसवूनही दोष परत आला, तर नवल मानू नये. अँड्रॉइड ६ पासून अनेक ॲपची मांडणी गूगल खात्यात आपोआप साठवली जाते आणि नव्याने बसवताना तीच परत उतरते. बिघडलेली फाइल तेव्हा फोनमध्ये नसून खात्यात असते.

मराठीपुरता एक अवशेष विशेष ओळखीचा आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी तयार झालेल्या फाँटमध्ये ते नसते. संगणक नवा, प्रणाली नवी, तरी ‘ॲप’ किंवा ‘ॲड’ लिहिताना पहिल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटत असेल, किंवा ते एकच अक्षर वेगळ्याच वळणाचे दिसत असेल, तर दस्तऐवजात एखादा जुना फाँट चिकटलेला आहे असे समजावे. जुन्या संगणकावरून फायली आणताना फाँटचा सगळा फोल्डर उचलून आणला, की असे होते. फाँटच्या फाइलवरील आवृत्तीचा क्रमांक पाहावा, जुनी प्रत दुसरीकडे जपून ठेवून यादीतून काढावी, नवी बसवावी आणि संगणक रीस्टार्ट करावा, म्हणजे विंडोजने आधी साठवलेली अक्षरांची माहितीही ताजी होते.