भेटीची वेळ

विसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या नामांकित रुग्णालयांत दोन वर्षांचे मूल दाखल झाले, की त्याच्या आईला वॉर्डाच्या दारातूनच परत फिरावे लागे. १९४९ साली तेथील भेटीच्या वेळांची एक यादी प्रसिद्ध झाली होती. गाइज रुग्णालयात रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट टॉमसमध्ये पहिला महिना भेट नाहीच. मात्र सायंकाळी सात ते आठ या वेळात, मूल झोपलेले असताना, आईबापांनी त्याला पाहून जावे. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालील मुलांना केवळ आडोशापलीकडून पाहण्याची मुभा. आजारी लेकराच्या खाटेखाली आईची सतरंजी अंथरलेली पाहण्याची सवय असलेल्या आम्हां भारतीयांना ही यादी अविश्वसनीयच वाटावी.

परंतु हे नियम करणारी माणसे निर्दय होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घटसर्प, लोहितांग ज्वर यांनी वॉर्डच्या वॉर्ड ग्रासल्याच्या आठवणी ताज्या होत्या आणि पाहुण्यांबरोबर संसर्ग आत येतो, ही भीती निराधार नव्हती. दुसरे कारण अधिक सूक्ष्म होते. आई भेटून गेली की मूल आकांत करी. आई न आली तर चार-सहा दिवसांत ते शांत होई, मुकाट्याने जेवी. परिचारिका समाधानाने म्हणत, मूल रुळले. साऱ्या व्यवस्थेचा डोलारा या एका शब्दावर उभा होता.

त्या शब्दाविषयी शंका घेणारा मनुष्य वैद्यकीय क्षेत्राबाहेरून आला. जेम्स रॉबर्टसन हा ग्लासगोजवळच्या कामगार वस्तीत वाढलेला स्कॉटिश गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅना फ्रॉइड यांनी हॅम्पस्टेड येथे चालवलेल्या बालसंगोपनगृहात तो बॉयलर सांभाळी व पडेल ती दुरुस्ती करी. त्याची पत्नी जॉइस तेथेच तान्ह्या मुलांची देखभाल करी. अॅनाबाईंचा दंडक असा, की बॉयलरवाल्यासह प्रत्येक सेवकाने मुलांविषयी जे दिसेल ते कागदावर टिपून ठेवावे. कोळसा ओढणाऱ्याच्याही निरीक्षणाला मोल देणारी ही शिस्त आम्हांला फार मोलाची वाटते. पुढे १९४८ मध्ये डॉ. जॉन बोल्बी यांनी रॉबर्टसनला रुग्णालयातील मुलांचे निरीक्षण करण्याचे काम दिले.

त्याला जे दिसले ते असे. आईपासून दुरावलेले लहान मूल प्रथम आक्रोश करते, दाराकडे डोळे लावून बसते. मग ते निराश होते, मलूल पडते. तिसऱ्या अवस्थेत ते पुन्हा हसते, कोणाही परिचारिकेकडे जाते, पण आई आली तर तिला ओळख देत नाही. याच अवस्थेला वॉर्डात ‘रुळणे’ म्हणत.

डॉक्टरांना शब्दांनी पटेना, म्हणून रॉबर्टसनने चित्रपट काढला. प्रतीक्षायादीतून मूल निवडले ते चिठ्ठी टाकावी तसे, यदृच्छेने, आणि चित्रणाच्या वेळा आधीच ठरवून ठेवल्या, जेणेकरून हेतुपुरस्सर दृश्ये वेचल्याचा आळ येऊ नये. निवड झाली ती नाभीच्या हर्नियासाठी आठ दिवस राहणाऱ्या लॉरा नावाच्या मुलीची. वय दोन वर्षे पाच महिने. ती फारशी रडत नाही, रडू आवरते. आपले टेडी अस्वल घट्ट धरते, मधूनच आईविषयी विचारते. घरी निघताना ती आईचा हात धरायला नाकारते.

१९५२ च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा सभागृह खवळले. आमच्या वॉर्डांची ही बदनामी आहे, असा सूर निघाला. अॅमरशॅमचे बालरोगतज्ज्ञ डर्मॉड मॅकार्थी हेही प्रथम संतापले. पण आपल्या वॉर्डात परतल्यावर मुलांचे रडणे त्यांना जणू पहिल्यांदाच ऐकू येऊ लागले. त्यांनी आयांना मुलांजवळ राहू दिले. तसे पाहता न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकातच बाळाबरोबर आईलाही दाखल करून घेतले होते. पण त्यांचा कित्ता फार थोड्यांनी गिरवला.

या इतिहासात परिचारिकांची बाजू सहसा सांगितली जात नाही. त्यांची कामे अशी वाटलेली असत, की एकीने मुलांना भरवावे, दुसरीने आंघोळ घालावी, तिसरीने ताप पाहावा. एका मुलावर जीव जडू नये, हीच शिकवण. १९६० च्या सुमारास इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयाच्या अभ्यासातून दाखवले, की दुःख व मृत्यू यांच्या सततच्या सहवासाने येणारी अस्वस्थता टाळण्यासाठीच कामाची अशी रचना होत असते. आणि तरीही ती परिचारिकांना सुखी करीत नाही, अनेकजणी शिक्षण अर्धवट सोडून जातात. म्हणजे मुलाला आई नाही आणि सांभाळणारीला मूल नाही, असा दुहेरी वियोग तेथे पोसला जात होता.

१९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने शिफारस केली, की मुलांना भेटण्यावर बंधन नसावे आणि पाच वर्षांखालील मुलांबरोबर आईला राहू द्यावे. सरकारने ती स्वीकारली. रुग्णालयांनी मात्र टाळाटाळ चालवली. अखेर १९६१ पासून आईबापांनीच संघटना बांधून दारे ठोठावली, तेव्हा ती एकेक करून उघडली.

लॉराची गोष्ट मात्र थोडी उरली आहे. घरी परतल्यावर काही दिवसांत ती पूर्ववत झाल्यासारखी दिसली. सहा महिन्यांनी त्या चित्रपटाचा काही भाग तिच्या नजरेस पडला. ती एकदम रडू लागली, इतका वेळ तू कोठे होतीस, असे तिने आईला विचारले आणि तिच्याकडे पाठ फिरवून सांत्वनासाठी बापाकडे गेली.