सी भाषा : कमांड लाइन आर्ग्युमेंट आणि फाइलवाचन

प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे टाइप केलेले शब्द प्रोग्रॅमला मिळणे, आणि त्यांत फाइलचे नाव असल्यास ती उघडून वाचणे, यांसाठी सी भाषेत असलेली व्यवस्था. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये युनिक्ससोबत ही भाषा घडवली. युनिक्समधील ‘कॅट’ हा या व्यवस्थेचा सर्वांत स्वच्छ नमुना : फाइलींची नावे दिली तर तो त्या क्रमाने वाचतो, काहीच दिले नाही तर स्टँडर्ड इनपुट वाचतो.

‘मेन’ फंक्शनला दोन पॅरामीटर असतात. ‘आर्गसी’ म्हणजे शब्दांची संख्या, ‘आर्गव्ही’ म्हणजे त्या स्ट्रिंगांच्या पॉइंटरांचा अ‍ॅरे. शून्याव्या जागी सहसा प्रोग्रॅमचेच नाव असते, म्हणून वापरणाऱ्याचा पहिला शब्द १ या क्रमांकावर सापडतो. शेवटच्या शब्दानंतर नल पॉइंटर असतो. ‘२५’ दिले तरी हाती येते ती स्ट्रिंगच. तिचा आकडा प्रोग्रॅमरने करायचा.

आर्गसी किमान १ असणारच, असे धरून चालणे घातक आहे. सी भाषेच्या मानकानुसार ती शून्यही असू शकते. दुसऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने प्रोग्रॅम चालवणाऱ्या लिनक्सवरील ‘पीकेएक्झेक’मध्ये याच गृहीतकामुळे २००९ पासून दोष राहिला आणि तो २०२२ मध्ये उघड झाला. आर्गव्ही रिकामा असताना प्रोग्रॅम १ क्रमांकाची जागा वाचे. तिथे प्रत्यक्षात एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असत. त्यातून साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळवता येत.

फाइल ‘एफओपन’ने उघडतात. ती न उघडल्यास नल परत येतो आणि ‘पीएरर’ कारण छापते. एकेक अक्षर वाचणारे ‘एफगेटसी’ इंट परत करते, कॅर नव्हे, आणि नवशिक्यांनी सर्वाधिक ध्यानात ठेवावी अशी बाब हीच. बाइटची २५६ मूल्ये आणि फाइल संपल्याची ‘ईओएफ’ ही वेगळी खूण, एवढे सगळे एका कॅरमध्ये मावत नाही. उत्तर कॅरमध्ये साठवले, तर कुठे २५५ मूल्याच्या बाइटलाच वाचन थांबते, कुठे लूप कधीच संपत नाही. फाइल संपली का हे सांगणारे ‘एफईओएफ’ही वाचन फसल्यानंतरच खरे ठरते, लूपची अट म्हणून ते वापरल्यास शेवटची ओळ बहुधा दोनदा छापली जाते.

ओळ वाचण्यासाठी ‘एफगेट्स’ वापरावे, कारण त्याला बफरचा आकार सांगावा लागतो. आकार न विचारणाऱ्या ‘गेट्स’चा फायदा १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या घातक प्रोग्रॅमने घेतला होता, २०११ च्या मानकातून ते फंक्शन काढून टाकण्यात आले.