वाढत्या पायाचा बूट

लहान मुलाचा कपडा शिवतांना तो ‘वाढत्या अंगाचा’ शिवावा, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. शिंपी शिवणींत थोडी माया सोडतो. मूल वाढलें कीं शिवण उसवावयाची आणि आणखी एक वर्ष निभावून न्यावयाचें. कापडाच्या बाबतींत ही काटकसर निर्धोक आहे. परंतु ज्या देशांत मुलें पायांना स्की नांवाच्या लांब पट्ट्या जोडून बर्फाळ उतारावरून घसरत येतात, तेथें हाच प्रश्न बुटाच्या बाबतींत उभा राहतो. आणि तेथें चूक झाली तर मुलाची नडगी वा गुडघा धोक्यांत येतो. श्रोतेहो, या बुटाची हकीगत आज सांगावयाची आहे.

स्की ही वस्तु फार प्राचीन. स्वीडनमध्यें काल्व्हट्रेस्क येथें सांपडलेली स्की सुमारें ५,००० वर्षांपूर्वींची मानली जाते. तिच्यासाठीं निराळा बूट हवा, ही कल्पना मात्र अगदीं अलीकडची. नॉर्वेंतील मोर्गेडालचे सोंद्रे नोरहाइम यांनीं १८६८ सालीं ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथील स्पर्धेंत आपलें कौशल्य दाखविलें, तेव्हां त्यांच्या पायांत साधेच कातडी जोडे होते. टाचेमागून पिळलेल्या डहाळ्यांचा वेढा काय तो नवा. अशा जोड्यांचें कातडें नरम असे. थोरल्याचा जोडा, आंत एक जादा लोकरी मोजा चढवून, धाकट्यास चालण्यासारखा होता.

पुढें आल्प्स पर्वताच्या तीव्र उतारांवर हा खेळ गेला आणि पायावरील पकड घट्ट होत चालली. १८९४ सालीं फ्रित्स हुइटफेल्ड यांनीं चवड्याच्या दोहों बाजूंस लोखंडी कान आणले. १९३० च्या सुमारास पोलादी तारेनें टाचहि खालीं खेंचून धरणारी बांधणी निघाली. तिचें नांव कंदाहार! अफगाण युद्धांत गाजलेल्या लॉर्ड रॉबर्ट्‌स ऑफ कंदाहार यांच्या नांवाचा चषक स्कीच्या शर्यतींना लाभला होता, त्यावरून तें आलें.

पाय असा जखडल्यावर पडतांना तो सुटावा कसा? अमेरिकेंत स्थायिक झालेले नॉर्वेचे ह्याल्मार ह्वाम यांचा पाय १९३७ सालीं मोडला, आणि त्या दुखण्यांतच त्यांना आपोआप सुटणाऱ्या बांधणीची युक्ति सुचली. तेव्हांपासून बूट घट्ट असावा, पण बांधणी वेळेवर सुटावी, हे दोन्ही नियम एकत्र नांदूं लागले.

१९५५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील हेन्के कंपनीनें नाड्या काढून बक्कलें बसविलीं. त्यापुढील दशकांत अमेरिकेंतील डब्यूक गांवच्या बॉब लँग यांनीं कातड्याऐवजीं प्लॅस्टिकचें कवच आणलें. घोट्याची लहानशी हालचालहि आतां थेट स्कीपर्यंत पोहोंचूं लागली. मोठ्यांना हें वरदान ठरलें. मुलांची मात्र पंचाईत झाली. कातडें थोडेंफार सैलावे. टणक कवचांत माया म्हणून उरली नाहीं.

आणि मुलाचें पाऊल तर थांबत नाहीं. पांचव्या वर्षापासून मुलगी सुमारें बारा व मुलगा सुमारें चौदा वर्षांचा होईपर्यंत तें सरासरीनें वर्षाकांठीं ९ मिलिमीटरच्या आसपास लांबतें. गेल्या हिंवाळ्यांतील बूट यंदा चावतो, बोटें गारठून बधिर होतात. म्हणून आईबाप दोन मापें मोठा बूट घेतात. मग टाच आंत उचलली जाते, मूल वळूं पाहतें आणि स्की ऐकत नाहीं. भित्रें म्हणून ज्याला आपण हिणवितों, त्या मुलाचा दोष कित्येकदां केवळ बुटाच्या मापांत असतो.

ज्या प्लॅस्टिकनें अडचण केली, त्यानेंच तोडगाहि दिला. स्कीच्या बुटांचें माहेरघर म्हणजे इटलींतील मोंतेबेल्लूना गांव. तेथील रोचेस कंपनीनें मुलांसाठीं लांबणारा बूट काढला. त्याच्या कवचाचे पुढचा व मागचा असे दोन भाग एकमेकांवर सरकतात. खटका सोडून हवें तें माप धरावयाचें आणि पुन्हां पक्कें करावयाचें. आंतील मऊ अस्तरहि त्याबरोबर ताणलें जातें. अशा बुटाची लांबी सुमारें ३ सेंटीमीटरपर्यंत वाढवितां येते. म्हणजे वरील हिशेबानें तीन हिंवाळे निघावेत.

तथापि ही युक्ति सर्वगुणसंपन्न नव्हे. लांबी वाढली तरी पावलाची रुंदी व पोटरीची जाडी त्याच प्रमाणांत वाढेल असें नाहीं. शिवाय बुटाचा तळ लांबला कीं स्कीवरील बांधणी जाणत्या माणसाकडून नव्यानें जुळवून घ्यावी लागते. नाहीं तर पडतांना पाय सुटावा तेथें सुटत नाहीं. बूट वाढविला आणि बांधणी विसरली, तर केलेली काटकसर महागांत पडावयाची.

मूल वाढणार, हें गृहीत धरून वस्तु घडविणें हा खरा शहाणपणा होय. पण शिवणींत माया ठेवून भागत नाहीं. ती केव्हां व किती उसवावयाची, याकडे घरांतील कोणाचें तरी लक्ष असावें लागतें. बर्फावरच्या बुटालाहि हाच न्याय लागू आहे.