जुन्नरच्या लेण्यांतील बुरूड

जुन्नरला पर्यटक येतो तो शिवनेरी आणि लेण्याद्रीचा गणपती पाहायला. हा गणपती बसवला आहे बौद्ध विहारात; भोवतालच्या खोल्या भिक्खूंच्या निवासाच्या. पर्यटनाच्या जाहिरातीला एवढेही अडचणीचे वाटते.

इथल्या सातवाहनकालीन शिलालेखांत राजांपेक्षा कष्टकरी, व्यापारीच अधिक भेटतात. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. दुसऱ्या एका लेखात दानाची रक्कम बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली आहे. धर्मादायाचा पैसा टोपल्या विणणाऱ्यांच्या हाती! आजचे बुरूड त्यांचेच वंशज, असा दावा मी करणार नाही. पण तोच धंदा करणारे बुरूड आज अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. मधल्या शतकांत ही पत कुणी, कशी हिरावून घेतली?