दोन प्रकाशकणांचा योग

१९३० सालीं जर्मनींतील गॉटिंगेन विद्यापीठांत मारिया गेप्पर्ट या तरुण विदुषीनें मॅक्स बॉर्न यांच्या मार्गदर्शनाखालीं एक प्रबंध सादर केला. दोन दुबळे प्रकाशकण एकाच क्षणीं येऊन पोंचले, तर रेणु ते दोन्ही मिळून शोषूं शकेल, असें तिनें त्यांत गणितानें दाखविलें. परंतु हा योग इतका विरळा, कीं तो घडवून आणील असा प्रखर दिवा त्या काळीं नव्हता. सिद्धांत ग्रंथांतच राहिला.

१९६० सालीं लेसर जन्मास आला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कायझर व गॅरेट यांनीं माणकाच्या लेसरचा तांबडा झोत युरोपियममिश्रित स्फटिकावर टाकला, तों आंतून निळा प्रकाश बाहेर पडला! दोन कणांची शक्ति एकवटल्यावांचून हें शक्य नव्हतें.

याचा माणसास उपयोग काय? कर्करोगावर एक प्रकाशचिकित्सा आहे. शरीरांत रंगद्रव्य सोडून त्यावर प्रकाश टाकला, कीं तें प्राणवायूस चेतवून रोगट पेशी मारतें. पण प्रकाशाच्या वाटेंतील निरोगी पेशीहि त्यांत होरपळतात. द्विकणशोषणांत मात्र प्रकाशाची तीव्रता दुप्पट केली असतां परिणाम चौपट होतो. म्हणून किरण जेथें एकवटतात तेथेंच क्रिया घडते.

रंगद्रव्य म्हणून पॉर्फिरीन निवडलें गेलें. रक्ताची लाली आणि पानांची हिरवाई याच कुळांतली. परंतु या शोषणाचें जें माप बाईंच्याच नांवानें ओळखलें जातें, त्यांत एकटें पॉर्फिरीन बहुधा शंभरींतहि पोंचत नाहीं. ऑक्सफर्डच्या हॅरी अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन पॉर्फिरिनें चार कार्बन-अणूंच्या सरळ दुव्यानें जोडलीं. विजाणूंस दोन्ही कड्यांवर मोकळी वाट मिळाली आणि आंकडा हजारांवर गेला. तरी एक विघ्न उरलेंच. हे चपटे रेणु पाण्यांत पत्रावळींच्या चळतीप्रमाणें एकमेकांस चिकटतात व निकामी होतात. म्हणून त्यांच्या कडांस पाण्याशीं सख्य असलेले गट बसवावे लागले. २००८ सालीं अशाच रंगद्रव्याच्या साह्यानें उंदराच्या अंगांतील निवडलेली रक्तवाहिनी प्रकाशानें बंद करून दाखविण्यांत आली.

गेप्पर्ट-मायरबाईंनीं अमेरिकेंत कित्येक वर्षें वेतनावांचून काम केलें. १९६३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें अणुगर्भाच्या रचनेबद्दल. १९७२ सालीं त्या वारल्या. उंदरापासून रोग्याच्या खाटेपर्यंतचा मार्ग अद्याप लांब आहे. पण त्याचें पहिलें पाऊल कोणाच्याहि गरजेविना, केवळ जिज्ञासेपोटीं पडलें होतें, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.