मुंबईची क्रिकेट मैदाने आणि प्रेक्षकांची सावली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

क्रिकेटच्या इतिहासलेखनात खेळाडू व विक्रम यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. प्रेक्षक कोठे आणि कसा बसला, याची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. मुंबईत क्रिकेटचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतर येतो. त्यामुळे येथील प्रेक्षकापुढील खरा प्रश्न पावसाचा नसून उन्हाचा होता. ही सावली कोणाला मिळाली आणि तिच्यासाठी काय गमवावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सदस्यत्व आणि सावली

भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. त्यासाठी शामियाने व तात्पुरत्या बैठका उभारण्यात आल्या होत्या. जिमखान्याचे सदस्यत्व तेव्हा युरोपीयांपुरते मर्यादित असल्याने तेथील कायमस्वरूपी सुखसोयीही त्यांच्याच होत्या. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने चर्चगेटजवळ भराव घातलेल्या जमिनीवर १९३७ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियम उभारले. वंशाची अट येथे नव्हती; तथापि क्लबचे सदस्य आणि सामान्य तिकीटधारक हा भेद कायम राहिला. सावली ही सोय नसून प्रतिष्ठेची खूण होती, असे या काळाविषयी म्हणता येईल.

अधिक जागा की अधिक सोय?

ब्रेबोर्नवरील सामन्यांच्या तिकीटवाटपावरून हा क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद विकोपाला गेला. त्यातूनच वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला गेला. या वादाचा गाभा आसनांच्या संख्येचा होता, त्यांच्या सुखकरतेचा नव्हता. पाच दिवस उन्हात बसणे सामान्य प्रेक्षकाने गृहीतच धरले होते.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली. टेफ्लॉनचा लेप असलेल्या कापडी छताने प्रेक्षकांवर सावली धरली आणि स्वतंत्र खुर्च्या आल्या. मात्र सुमारे ४५,००० ची प्रेक्षकक्षमता सुमारे ३३,००० वर आली. ज्या मैदानाचा जन्म अधिक जागांच्या मागणीतून झाला, तेथेच सोयीसाठी सुमारे १२,००० जागा कमी झाल्या, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

अपेक्षेचे हक्कात रूपांतर

पुण्याजवळ गहुंजे येथील स्टेडियमवर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सुरू झाले. त्याचा बराचसा भाग छताविना होता. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी तेथे पिण्याच्या पाण्याचा तुटवडा पडला. उन्हात बसलेल्या प्रेक्षकांनी घोषणा दिल्या आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला क्षमायाचना करावी लागली. आता सावली आणि पाणी ही आयोजकांची कृपा नसून तिकिटाचाच भाग आहे, अशी प्रेक्षकांची धारणा यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

सदस्याचा विशेषाधिकार ते तिकीटधारकाचा हक्क असा सावलीचा हा प्रवास आहे. तो लोकशाहीकरणाचा वाटतो. परंतु तो अपुरा आहे. पूर्वी सामान्य प्रेक्षक मैदानात असे, पण उन्हात असे. आता आत आलेल्याला सावली मिळते. मात्र घटलेल्या आसनसंख्येमुळे काहींना मैदानाबाहेरच राहावे लागते. नव्या स्टेडियमचे मूल्यमापन करताना छताखाली किती जण बसले याबरोबरच कोण बाहेर राहिले, हेही अभ्यासकांनी विचारले पाहिजे.